उतरलेल्या सेलांचा डबा

बाजाराच्या दिवशी जवळा बाजार या गावात शिरलं, की पेमा आड्याचं दुकान आधी कानाला लागायचं आणि मग डोळ्यांना. दुकान म्हणजे तरी काय, वर पत्रे, आत एक लाकडी टेबल, भिंतीला टांगलेले कर्णे आणि पोट उघडं टाकून पडलेले रेडिओ. पण गडी असा, की रेडिओ उघडायच्या आधीच त्याचं दुखणं सांगायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, खरखर करून राहिला. पेमा मान तिरकी करून जरा ऐकायचा आणि म्हणायचा, कंडेन्सर गेला हाय. उघडून बघावं तर तो गेलेलाच असायचा. मग चहा गिऱ्हाइकाने पाजायचा, असा तिथला रिवाजच पडला होता.

हा कान त्याला घरातूनच मिळालेला. पेमा बंजारा, जवळ्यापासून दोन कोसांवरच्या तांड्यावरचा. त्याचा आजा देवला लदेणीच्या बैलांमागे, म्हणजे पाठीवर मीठ-धान्य वाहणाऱ्या बैलांमागे, चालत लहानाचा मोठा झालेला. म्हातारपणी डोळे गेले तरी नुसत्या घुंगरावरून कोणता बैल पाण्याला निघाला ते तो सांगायचा. पेमाच्या वयाचे तांड्यावरचे बाकीचे कोयता घेऊन ऊसतोडीला गेले, हा तेवढा कानाच्या जोरावर वाचला. हिंगोलीला एका टुरिंग टॉकीजच्या तंबूत आवाजाची मशीन सांभाळायला लागला, तिथंच सोल्डरिंग शिकला. टॉकीज बुडाली तेव्हा मालकाने जाताना तंबूतला ॲम्प्लिफायर त्यालाच देऊन टाकला. घेऊन जा म्हणाला, तुझ्याशिवाय याला कुणी विचारणार न्हाई.

तो व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर होता. आता व्हॉल्व्ह म्हणजे काय तेही सांगावं लागतं, काय दिवस आलेत! आत काचेचे दिवे असायचे, वांग्याएवढे. चालू केला की आधी ते दिवे तांबूस पेटायचे, सगळं डबडं गरम व्हायचं, आणि मग सावकाश आवाज उमटायचा. उचलायला दोन माणसं लागायची. पेमाने तो बैलगाडीतून जवळ्याला आणला. हिंगोली तेव्हा अजून परभणी जिल्ह्यातच होती. त्याच सुमाराला त्याची सोमेश्वरशी गाठ पडली.

सोमेश्वर नरसीकडचा, चांगल्या बागायतदाराचा मुलगा. बाप किसनराव हळदीच्या शेतात बुडालेला, आणि हा लेकाचा नांदेडला शिकायला गेला तो डिग्रीऐवजी गिटार घेऊन परत आला. किसनरावांनी बरेच दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. उकंडराव नावाच्या एका हौशी माणसाने ऑर्केस्ट्रा काढला होता, त्यात सोमेश्वर वाजवू लागला. आवाजाचं काम पेमाकडे. पहिल्याच लग्नात पेमाने गिटारीची वायर आपल्या त्या व्हॉल्व्हवाल्या डबड्यात खुपसली, आणि तार वाजली तशी पंगतीतली माणसं घास हातात धरून बघायला लागली. जाड, ऊबदार, कडेला जरासा फाटलेला आवाज. दाबून वाजवलं की तो आधी दमून खाली बसायचा आणि मग हळूच फुगून वर यायचा. बायका म्हणायच्या, गिटार रडून राहिली. पुढं कितीतरी वर्षं औंढ्यापासून हिंगोलीपर्यंत लग्न ठरलं की लोक सांगायचे, आवाज जवळ्याचा आणा.

मग भारनियमन आलं. लाईट जायची ती तासन्‌तास, आणि यायची ती अंगावर धावून आल्यासारखी. अशाच एका लग्नात लाईट आली ती चढीच आली. ॲम्प्लिफायरमधून धूर निघाला, ट्रान्सफॉर्मर जळाला, व्हॉल्व्ह तडकले. पेमा हिंगोली, परभणी, नांदेड करत पार हैदराबादपर्यंत हिंडून आला. दुकानदार हसायचे, काका, अजायबघरात बघा म्हणायचे. सोमेश्वरने नवा ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर लावून पाहिला, तर पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज. दोन-चार कार्यक्रम त्याने कसेबसे रेटले आणि गिटार खोळीत घालून खुंटीला टांगली. किसनराव तेवढे खूश झाले, बाकी कुणाला बरं वाटलं नाही.

इथवरची गोष्ट साऱ्या गावाला माहीत होती. पेमाची खरी फिकीर मात्र कुणाला माहीत नव्हती.

उभी हयात कर्ण्यांच्या तोंडाशी काढलेला माणूस तो. आधी गेली ती रातकिड्यांची किरकिर. पेमाला वाटलं, यंदा पाऊस कमी म्हणून किडे कमी. मग एकदा सप्त्यात माईक शिट्टी मारू लागला, माणसांनी कानावर हात ठेवले, आणि पेमा माईकपासून दोन हातांवर निवांत सुपारी कातरत बसलेला. कुणीतरी त्याला हलवलं तेव्हा त्याने बटण फिरवलं आणि वायर ढिली हाय असं काहीतरी पुटपुटला. माणसाचं बोलणं त्याला ऐकू यायचं, मोठे आवाज ऐकू यायचे. पण जे बारीक, जे टोकदार, ते एकेक करून जगातून नाहीसं व्हायला लागलं होतं.

हिंगोलीहून पार्ट आणतो म्हणून तो घरातून निघाला आणि कानाच्या डॉक्टरकडे जाऊन बसला. डॉक्टरने यंत्र लावून तपासलं आणि सांगितलं, नस गेली, जेवढी गेली तेवढी परत येत नाही. कर्ण्यांपासून लांब राहा. लांब राहून खाऊ काय, असं पेमाच्या ओठांवर आलं होतं, पण तो उठला आणि एसटीत बसला. घरी बायकोने पार्ट मिळाला का विचारलं, तर मिळाला न्हाई म्हणाला.

तेव्हापासून तो चोरासारखा जगू लागला. गिऱ्हाईक बोलायला लागलं की त्याच्या ओठांकडे बघायचा. रेडिओचं दुखणं मीटरच्या सुईवर शोधायचा. स्पीकरवर तळवा ठेवून थरथर तपासायचा. लोक म्हणायचे, पेमा आता नुसता हात लावून ओळखतो, काय सांगावं! तो हसायचा आणि पुढचा रेडिओ ओढायचा. आवाजाचं दुकान आणि मालक बहिरा, हे एकदा बाजारात फुटलं की दुकानाची पायरी कोण चढेल? कोयता हातात घ्यायचं वय राहिलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर पोटाच्या भीतीपेक्षा लाज मोठी होती. लोक त्याला ओळखत ते कानामुळे. तो काढून घेतला तर मागं पेमा आडे म्हणून काय उरतं, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

अशात दोन हजार चारच्या दिवाळीनंतर सोमेश्वर दुकानात आला. त्याच्या पोरीचं, कोमलचं, लग्न ठरलं होतं. लहानपणी ही पोरगी कार्यक्रमात त्या ॲम्प्लिफायरच्या उबेला टेकून झोपायची, सोमेश्वर वाजवत असला तरी जागी व्हायची नाही. आता तिने हट्ट धरला होता, हळदीला बाबांनीच गिटार वाजवायची, आणि त्याच आवाजात. सोमेश्वरने औरंगाबादला एका वादकाकडे एक विलायती डबा पाहिला होता, पायाशी ठेवायचा. गिटारीची वायर त्यात घालायची, तिथून पुढं कुठल्याही साध्या ॲम्प्लिफायरला, आणि आवाज मात्र जुन्या व्हॉल्व्हच्या मशीनचा निघायचा. पण त्यात विलायती मशीनचा आवाज भरलेला. सोमेश्वरला जवळ्याचा पाहिजे होता.

"पेमाभाऊ, तो आवाज दुसऱ्या कुणाच्या कानात न्हाई," सोमेश्वर म्हणाला. "फकस्त तुमच्या कानात हाय. तुमीच बनवा तसा डबा."

पेमा बनवतो म्हणाला. काहून म्हणाला, त्याचं त्यालाच ठाऊक. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं, म्हणून व्हय म्हणून मोकळा झाला आणि मग दिवसभर त्याला सोल्डरचा एकही टाका नीट देता आला नाही.

बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात त्याने मांडामांड केली. ट्रान्झिस्टर असे जोडायचे, की जोरात वाजवल्यावर आवाजाची टोकं कापली न जाता गोल व्हावीत, कारण व्हॉल्व्ह तेच करायचा. पुढं एक बटण बेसचं, म्हणजे जाड सुरांचं, एक ट्रेबलचं, म्हणजे बारीक सुरांचं. लाईटचा भरवसा नव्हता म्हणून बाजूला सहा सेलांचं घर. जोडणी चोख होती, मीटरही सगळं ठीक म्हणत होता. आता फक्त ऐकायचं राहिलं होतं.

सोमेश्वर गिटार घेऊन आला, वाजवून पाहिलं, आणि त्याचं तोंड वाकडं झालं. लई टोचतो भाऊ, म्हणाला. पेमाने ट्रेबल कमी केला. पण कमी केला की त्याला वरच्या तारा ऐकूच येईनात, म्हणून सोमेश्वरची पाठ फिरली तसा गुपचूप परत वाढवला. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. सोमेश्वर सभ्य माणूस, होईल म्हणाला, घाई न्हाई. पण घाई होती. पत्रिका छापून आल्या होत्या, पेमाच्या दुकानातच एक पडली होती, तीत निमंत्रकांच्या पहिल्याच ओळीत त्याचं नाव. जेवण जाईना. पाहुण्यांनी भरलेला मांडव, आणि त्यात आपला डबा किंचाळतोय, असं त्याला भरदिवसा दिसायचं.

त्याची बायको निर्मलाबाई रोज दुपारी भाकरी घेऊन दुकानात यायची. त्या दिवशी सोमेश्वर नुकताच हिरमुसून गेला होता, गिटार टेबलावरच ठेवून. निर्मलाबाईने भाकरीचं फडकं खाली ठेवलं, टेबलाशी आली आणि ट्रेबलचं बटण धरून मागं फिरवलं. मग त्याला तार छेडायला सांगितली. पेमाने छेडली. त्याला नुसतं जाड गुणगुणणं ऐकू आलं. ती म्हणाली, आता टोचत न्हाई. आणि मग खाली बघत बोलली.

"दोन सालं झाली, मला मालूम हाय. कुकरची शिट्टी झाली की म्या मोठ्यानं सांगते ना, शिट्टी झाली बरं का. तुमाला वाटलं, बाईला सवयच हाय."

पेमा स्टुलावर बसला. दोन वर्षं ती रोज शिट्टी झाली बरं का म्हणत होती, आणि तो मनात चिडायचा, ही काय मला बहिरा समजते का! त्याला रडू आलं, त्यातच हसूही आलं. निर्मलाबाईने समजूत वगैरे काही काढली नाही, भाकरी पुढं सरकवली. गावाला कळायचं कारण न्हाई म्हणाली, म्या ऐकते, तुमी जोडा.

तसं सुरू झालं. ती ऐकायची, सांगायची, तो बदल करायचा. टोचणं पार गेलं. पण सोमेश्वर येऊन वाजवायचा आणि मान हलवायचा. आवाज गोड होता, पण सुका. तो दमत नव्हता, फुगत नव्हता. निर्मलाबाईलाही कळायचं की हा तो नव्हे, पण काय कमी पडतंय ते तिला सांगता येईना. तिकडं सोमेश्वरच्या दारात मांडवाच्या मेढी रोवून झाल्या. पेमाने एकदा तर ठरवलं, आजारी पडल्याचं सोंग घ्यायचं. घेतलंही, पण दुपारपर्यंतच टिकलं.

गव्हा-हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस होते. सांजच्याला लाईट आली, की शिवारातल्या साऱ्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या आणि तांड्यावरचे बल्ब लाल पडायचे, आतली नुसती तार दिसायची. निर्मलाबाई भाकरी थापत होती. थापता थापता बल्बाकडे बघून तिचा हात थांबला.

"तवा बी बल्ब असाच जळत व्हता," ती म्हणाली. "सोमेश्वररावची गिटार रडायची ना, त्या टायमाला दर बारीला बल्ब लाल. दुपारच्या लग्नात आवाज तसा लागतच नव्हता."

पेमा ताटावरून उठला. हे आधी काहून न्हाई सुचलं म्हणून तिच्यावरच खेकसला, खेकसायला पाहिजे होतं स्वतःवर. एवढे दिवस तो ॲम्प्लिफायरच्या अंगातला आवाज शोधत होता. तो आवाज अर्धा ॲम्प्लिफायरचा होता आणि अर्धा जवळ्याच्या लाईटचा. हंगाम थंडीचा, वेळ सांजची, मोटारी चालू, लाईट अर्धपोटी. उपाशी व्हॉल्व्ह दमून दमून आवाज काढायचे, म्हणून तो आधी बसायचा आणि मग फुगायचा. आणि पोटभर लाईट आली त्याच दिवशी बिचाऱ्याचा जीव गेला! हे समजायला कारागिराला अजून काय सांगायला पाहिजे होतं?

डब्यात नवे कोरे सेल होते. पेमाने ते काढून टाकले. आपल्याकडे सेल उतरला म्हणून कुणी फेकत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. उन्हात ठेवायचा, दाताने चेपायचा, त्यावर अजून दोन दिवस बातम्या ऐकायच्या आणि परत उन्हात ठेवायचा. पेमाची आई भिकाबाई तर पत्र्यावर पापडांशेजारी सेल वाळत घालायची. त्या पत्र्यावरचे सेल पेमाने खाली आणले, मीटरवर एकेक पारखला आणि मरायला टेकलेले सहा निवडून डब्यात बसवले.

दुसऱ्या दिवशी सोमेश्वरने एक तार ओढली आणि तसाच थांबला. हेच, म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. पेमाला त्यातलं निम्मंच ऐकू आलं होतं. तो दारात उभ्या निर्मलाबाईकडे बघत होता, आणि ती मान डोलवत होती. त्या दिवसापासून दोघा नवराबायकोची भाषाच ठरून गेली. आवाज जमला की बल्ब लाल, नाही जमला की पांढरा. सोमेश्वरने काय युक्ती केली म्हणून खोदून विचारलं, पण पेमाने उडवून लावलं. नावाजलेला कारागीर उतरलेले सेल घालून डबा देतो, हे कुणाला सांगायचं? लोक हसले असते. कानासारखी तीही गोष्ट त्याने लपवली आणि तीच नडली.

हळदीच्या दिवशी ऊन कलायला लागलं तसा मांडव भरला. हळद घरच्याच शेतातली, बायकांचे हात कोपरापर्यंत पिवळे झालेले. पेमाने स्पीकर लावला, साधा ॲम्प्लिफायर जोडला. सोमेश्वरने बिस्किटाचा डबा घरातून आणून पायाशी ठेवला, वायर घातली. उकंडराव पहिल्या रांगेत मांडी ठोकून बसले होते. कोमल पाटावर, गालाला हळद. पेमा मनाशी म्हणत होता, आजचा दिवस निघाला की झालं, पुढं कुणी विचारणार न्हाई.

सोमेश्वरने सुरुवात केली. पेमा स्पीकरवर तळवा ठेवून उभा राहिला. थरथर ठीक होती. त्याला जे जाड सूर ऐकू येत तेही ठीक होते. पण समोरच्या माणसांचं काहीतरी बिनसलं होतं. एका म्हाताऱ्याने शेजाऱ्याकडे बघून नाही अशी मान हलवली. हळद लावणारे हात थांबले. कोमल बापाकडे बघत होती आणि तिच्या तोंडावर काही म्हणजे काही उमटत नव्हतं. पेमाने निर्मलाबाईला शोधलं. ती बायकांच्या गर्दीत मागं अडकली होती, हात उंच करून काहीतरी खुणावत होती, पण ती खूण त्याला लागेना.

सोमेश्वर वाजवायचा थांबला. त्याने पेमाकडे मान वळवली.

"पेमाभाऊ, हे बराबर हाय का?"

आता बघा, कशी वेळ आली ती. पेमाने नुसतं बराबर हाय म्हटलं असतं तरी भागलं असतं. आवाजाच्या बाबतीत त्याच्या शब्दापुढं कुणाचा शब्द नव्हता. सोमेश्वरने आपल्याच कानाला दोष दिला असता, लोकांनी गिटार जुनी झाली म्हटलं असतं, आणि पेमाचं दुकान, पेमाचं नाव, सगळं शाबूत राहिलं असतं. फक्त कोमल तो आवाज न ऐकता सासरी गेली असती. शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला होता. तेवढ्यात त्याला दिसलं, की पोरगी आता बापाकडे बघत नाहीये, त्याच्याकडे बघतेय. पेमाकाका म्हणतील ते खरं, एवढा विश्वास त्या पिवळ्या तोंडावर होता.

"मला ऐकू येत न्हाई, सोमेश्वरराव," पेमा म्हणाला. "बारीक आवाज जाऊन लई दिस झाले. माझ्या बायकोला इचारा."

उकंडरावांचं तोंड उघडंच राहिलं. पुढच्यांनी मागच्यांना सांगितलं, मागच्यांनी त्याच्या मागच्यांना. पेमाला त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही, पण गोष्ट मांडवातून एकेका तोंडावरून पुढं सरकत कडेपर्यंत गेली ती त्याने डोळ्यांनी बघितली. ज्या लाजेला तो इतकी वर्षं भ्याला, ती आता सगळ्यांसमोर उघडी पडली होती. त्याला वाटलं, बसून घ्यावं. पण तो उभा राहिला.

निर्मलाबाई बायकांना सारत पुढं आली. परक्या मांडवात, पुरुषांच्या रांगांमधून, डोक्यावरचा पदर सावरत ती थेट स्पीकरपाशी येऊन उभी राहिली.

"बल्ब पांढरा हाय," ती म्हणाली.

बाकी कुणाला काही कळलं नाही. पेमाने गुडघ्यावर बसून डबा उघडला. आत सहाच्या सहा सेल नवे, चकचकीत. सोमेश्वरची आई पद्माबाई पुढं झाली. तिनेच सकाळी दुकानातून मागवून घातले होते. तिचं सरळ म्हणणं, देवाला शिळं फूल वाहत न्हाई, मग लेकराच्या हळदीला शिळे सेल काहून घालायचे? जुने तिने पोरांना खेळायला दिले, आणि पोरांनी ते दगडाने फोडून आतल्या काळ्या कांड्या पाटीवर ओढायला काढूनही घेतल्या होत्या. म्हातारीला काय बोलणार? मायेनेच केलं होतं तिने.

पेमाने वर बघितलं आणि मांडवाला सांगितलं, मला उतरलेले सेल पाहिजेत, ज्याच्या घरी असतील त्याने आणा. मग उठले ते किसनराव. ज्या गिटारीपायी त्यांनी पोराशी बोलणं टाकलं होतं, त्याच गिटारीसाठी म्हातारा घरात गेला, आणि ज्या रेडिओवर रोज बाजारभाव ऐकायचा त्याचं पोट उघडून सेल घेऊन आला. भिंतीवरच्या घड्याळातला एक आला, घड्याळ बंद पडलं ते पडलं. शेजारपाजारचे खिडक्यांवरून, कौलांवरून सेल घेऊन धावत आले. पेमाने मीटर काढला. डोळे अजून धड होते त्याचे. एका पाहुण्याने मोठ्या मानाने आपल्या बॅटरीतले काढून दिले, ते अजून ताजे निघाले म्हणून पेमाने परत केले, तर पाहुण्याला रागच आला. कोमल खुदकन हसली. त्या हसण्याने मांडव जरा सैल झाला.

सहा मिळाले. पेमाने डबा मिटला आणि सोमेश्वरला मान हलवून खूण केली.

सोमेश्वरने तार ओढली. या वेळी पेमाने स्पीकरवर हात ठेवला नाही. आता कुणापासून लपवायचं? तो चारचौघांत, उघडउघड, निर्मलाबाईकडे तोंड करून उभा राहिला. तिच्यामागे कोमल दिसत होती. तिचे डोळे मिटले होते आणि मान एका बाजूला कलली होती, लहानपणी डबड्याला टेकून झोपायची तशी. पद्माबाई पदराने डोळे पुसत होती. निर्मलाबाईचे ओठ हलले. पण मध्ये गिटार होती, माणसं होती, तिचा शब्द काही त्याच्यापर्यंत पोचला नाही. मग पेमाने जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. सगळ्या मांडवादेखत त्याने कानामागे हात धरला आणि तिच्याकडे वाकला.

"लाल हाय!" निर्मलाबाई गिटारीपेक्षा मोठ्यानं ओरडली. "लाल हाय!"

तेवढं त्याला ऐकू आलं.